सुटणारा गोंद

१

लग्नानंतर माझ्या वाट्याला एक नवरा आला, एक सासरे आले आणि एक पडदा आला.

पडदा निळा होता, जाड, लोखंडी दांडीवर सरकणारा. त्याच्या अलीकडे बाहेरची खोली, सोफा, येणारी-जाणारी माणसं. पलीकडे आमचा पलंग, माझी सुटकेस आणि आमचा सगळा संसार. दांडीवरच्या कड्या अशा खणखणायच्या की पाणी प्यायला उठलं तरी घरभर वर्दी जायची. नवऱ्याने त्यांना तेल लावलं, मेण चोळलं. कड्या हट्टी निघाल्या. शेवटी मनातलं काही बोलायचं असलं की आम्ही पिशवी घेऊन भाजी आणायला जायचो. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्याही, "काय गं, दोघं मिळून रोज एवढी कसली भाजी आणता? माणसं तीन आणि पिशव्या चार!"

घरात खोली नव्हती असं नाही. होती. स्वयंपाकघराला लागून, ऐसपैस, सकाळचं ऊन येणारी. पण ती माझ्या मोठ्या दिरांची. नवरा तिला 'दादाची खोली' म्हणायचा आणि म्हणताना दाराकडे बघायचा नाही. दीर मी फक्त फोटोत पाहिले. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते बोट घेऊन समुद्रावर गेले. ते आले नाहीत, बोट आली नाही, एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. तेव्हापासून त्या दाराला कुलूप, आणि किल्ली बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सदऱ्याच्या खिशात.

बाबा सुतार. उभं आयुष्य त्यांनी धक्क्यावर बोटी दुरुस्त करण्यात घातलं. आता मागच्या बंद बाल्कनीत त्यांचं बाक होतं, बाकाशेजारी त्यांची खाट, आणि बाकावर त्या हरवलेल्या बोटीची छोटी प्रतिकृती. माझ्या हाताएवढी लांब, फळीला फळी जोडून केलेली. मी घरात आले त्याच आठवड्यात ते म्हणाले, "ही पुरी झाली की ती खोली मी स्वतः रिकामी करीन. मग तुमची. शब्द आहे माझा."

नवरा कामाला गेला की मी बाल्कनीत जाऊन विचारायला लागले, "बाबा, काही मदत करू?" सून गुणाची मिळाली असं त्यांना वाटलं असणार. मला खोली हवी होती.

२

"सगळ्यात आधी एक शिक," बाबा म्हणाले. "लाकूड ओलं असेल तर हात लावायचा नाही. ओल्या लाकडावर कुठलाच गोंद धरत नाही. धरल्यासारखं करतो आणि नेमक्या वेळी सोडतो."

एवढं बोलून ते हातातल्या फळीकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, फळी वाकडी असेल.

मग त्यांनी एकेक गोंद दाखवला. फळ्यांना सुताराचा पांढरा. तो सावकाश वाळतो, चिमटे लावून ठेवावे लागतात, पण चुकलं तर ओल्या फडक्याने पुसून टाकता येतो. मग दोन नळ्यांचा. दोन्हीतलं सारखं काढायचं, काडीने घोटायचं आणि हात भराभर चालवायचा. एकदा बसला की लाकूड फुटेल, जोड सुटणार नाही. पाण्यालाही दाद देत नाही. तिसरा अंगठ्याएवढ्या बाटलीतला, घाईचा. थेंब पडला की चिकटलंच, कातडीसकट. आणि डब्यात खड्यांसारखा सरस. तो भिजत घालायचा, गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवायचा, आणि वास असा की नाक मुठीत धरावं.

"एवढा घाण वास मारतो, मग हा ठेवलाय कशाला?" मी विचारलं.

"हा सुटतो," बाबा म्हणाले. "वाफ दिली, गरम पाण्याचं फडकं ठेवलं की जोड उघडतो. लाकडाला ओरखडा नाही. जे पुन्हा कधी उघडायचंय, त्याला सरस."

मी मनातल्या मनात चौघांना नात्यागोत्यात बसवून टाकलं. पांढरा म्हणजे माझी आई. दोन नळ्यांचा म्हणजे लग्न. घाईचा म्हणजे नवऱ्याची ती मावशी, जिने पहिल्याच भेटीत 'गोड बातमी कधी?' विचारून घेतलं. सरस कोण, ते मात्र ठरेना.

चूक झाली ती घाईच्या गोंदाने. केबिनच्या खिडक्यांना बाबांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचा बसवल्या होत्या. पांढऱ्या गोंदाने, एकेक, श्वास रोखून. एका दुपारी त्यातली एक निखळली. बाबांचा डोळा लागला होता. मी म्हटलं, एवढ्याशा कामासाठी त्यांना कशाला उठवायचं? थेंब टाकला, दाबली, बसली. स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काच पांढरी पडलेली होती. जवळ तोंड नेऊन कुणी श्वास सोडावा तशी.

३

"घाईचा लावलास ना?" बाबा रागावले नाहीत. "त्याची वाफ सुटते. डोळ्याला दिसत नाही, पण काचेवर जाऊन बसते. आपण काचेला तो लावत नाही, ते याच्यासाठी. असू दे. बदलू."

चष्मा आणायला ते आत गेले. मी फडक्याने काच पुसून पाहिली. पांढरेपणा आतल्या बाजूने होता, जाईना. म्हणून मी बोट उचलून उजेडासमोर धरली.

काच सगळीकडे सारखी पांढरी नव्हती. मधे दाट असा एक ठसा होता. हाताचा. तळवा, अंगठा, चारही बोटं, जराशी फाकलेली. सगळा मिळून माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. खिडकीशी उभ्या माणसाने बाहेर बघताना काचेला हात टेकावा, तसा तो टेकलेला होता.

मी बोट खाली ठेवली. हात धुतले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. परत येऊन पाहिलं. होता.

संध्याकाळी भाजी घेताना नवऱ्याला सांगितलं. त्याला हायसं वाटल्यासारखं झालं, कारण उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

"अगं, पोलीस हेच करतात. ठशांना त्याच गोंदाची वाफ देतात. घाम लागलेला असतो तिथे पांढरं धरतं. काच तूच दाबलीस ना? तुझाच ठसा."

"माझा हात एवढासा आहे का?"

"प्लॅस्टिक आकसलं असेल."

"प्लॅस्टिक आकसलं आणि काच तेवढीच राहिली?"

"मग बाबांचा असेल."

"तो आतून आहे."

नवऱ्याने एक टोमॅटो उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला. दुसरा उचलला.

"बाबांना दाखवू नकोस," तो म्हणाला.

४

दाखवायची गरजच पडली नाही. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा भिंग डोळ्याला लावून बसले होते. चहावर साय धरली तरी हलले नाहीत.

"उजवा आहे," ते शेवटी म्हणाले. "डाव्या हाताने तो नेहमी कठडा धरायचा. लहानपणापासून. मीच शिकवलेलं."

मी म्हटलं, "बाबा, गोंदाची वाफ असते ना, ती घामावर..."

"हो हो," ते म्हणाले. "मला माहीत आहे."

केबिनचं छत अजून बसवलेलं नव्हतं, नुसतं वर ठेवलेलं असायचं. बाबांनी ते उचललं, घाईच्या गोंदाचा एक थेंब आत कोपऱ्यात टाकला आणि छत परत ठेवलं. कुणाला झाकून ठेवावं इतक्या हळू.

दुसऱ्या दिवशी शेजारची काच पांढरी पडली. तिच्यावरही हात होता. त्याच्या पुढच्या दिवशी तिसरी. एका काचेवर दोन हात होते आणि त्यांच्या मधे, थोडी वर, एक गोल खूण. मी ती भिंगातून पाहिली आणि लगेच भिंग खाली ठेवलं. काचेला कपाळ टेकलं की अशी खूण उमटते. लहानपणी आईची वाट बघताना माझी उमटायची.

बाबा खुलले. रोज दाढी करायला लागले, दोन घास जास्त जेवायला लागले. सकाळी उठून बाकाशी जाताना पायांत चपला घालायचं विसरायचे. पण बोट काही पुढे सरकेना. नवी फळी नाही, रंग नाही. रोज तेवढा एक थेंब. वाफेने त्यांचे डोळे लाल झाले, खोकला लागला. काकू दारातून विचारून गेल्या, "सासऱ्यांना डोळे आलेत का गं? रडल्यासारखे दिसतात."

"गोंदाने," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी बाजाराच्या वाटेवर नवरा आपण होऊन बोलला. मी विचारलं नव्हतं.

"दादा गेला ना, त्या दिवशी सकाळी एक फळी बदलायची होती. लाकूड ओलं होतं. बाबा म्हणाले, वाळू दे, उद्या जा. दादा म्हणाला, उद्या नाही, आजच जायचंय, लावा तुम्ही, काही होत नाही. खूप वाद घातला. मग बाबांनी लावली."

"आणि?"

"आणि काय? तो गेला."

आम्ही भाजी न घेताच परत आलो.

५

हळूहळू केबिनच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या. आता बाहेरून आतलं काही दिसेना. स्वच्छ अशी एकच काच उरली. छतात मधोमध बाबांनी उजेडासाठी एक चौकोन बसवला होता, तो.

एकदा बाबा अंघोळीला गेलेले असताना मी छत उचललं. काडीला कापूस गुंडाळला आणि केबिनच्या तळाशी फिरवला. कापूस भिजून आला. बाकावर पाण्याचा ग्लास नव्हता, बाहेर पाऊस नव्हता, बाल्कनीतली हवा इतकी कोरडी की बाबांचे ओठ फुटत होते. तो कापूस जिभेला लावून बघायची इच्छा झाली. लावला नाही. खारा वास पुरेसा होता.

रविवारी नवऱ्याचा धीर सुटला.

"बाबा, आज छत लावा आणि संपवा हे. खोलीसाठी म्हणत नाही मी. तुमच्या डोळ्यांकडे बघा."

"लावतो," बाबा म्हणाले. आम्ही दोघंही चकित झालो. त्यांनी खणातून दोन नळ्या काढल्या, पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, काडी घेतली. "याच्यासाठीच ठेवलाय हा. एकदा बसला की यावेळी पाणी आत जाणार नाही. एक थेंब जाणार नाही. कोरडा राहील तो."

त्यांनी छत उचलून उलटं केलं. छतातली काच पांढरी झालेली होती.

तिच्यावर दोन तळवे होते, शेजारी-शेजारी, मनगटापर्यंत.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला. "हात वर केलेत. निरोप घेतोय."

नवऱ्याने मान फिरवली. मी बघत राहिले. माहेरी माळ्यावर जायला एक झडप होती, नेहमी अडकायची. ती उघडायला मी शिडीवर उभी राहून दोन्ही तळवे टेकवायचे, बोटं फाकवून, मनगटांवर सगळा भार देऊन. निरोप घेणारा हात कशाला टेकत नाही.

बाबांनी नळीचं झाकण काढलं. मग ते परत लावलं आणि नळी खाली ठेवली.

"तू सांग, पोरी," ते मला म्हणाले. "तू त्याला पाहिलेलं नाहीस. तुझा हात कापणार नाही. कोणता लावू?"

"दोन नळ्यांचा," नवरा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत पलंग कुठे ठेवायचा, आरसा कुठे लावायचा, हे आम्ही किती भाज्या निवडत ठरवलं होतं. आणि दार. बंद केल्यावर ज्याचा आवाज होत नाही असं एक दार.

"सरस," मी म्हटलं.

६

"सरस पाण्यापुढे टिकत नाही," बाबा म्हणाले. "तुला शिकवलंय मी."

"बाबा, पाणी बाहेर नाहीये. आत आहे."

त्यांना कळलं नाही. मी केबिनकडे बोट दाखवलं. त्यांनी आत बोट घातलं, तळापर्यंत नेलं, बाहेर काढलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मग ते स्टुलावर बसले. किती तरी वेळ ते बोट त्यांनी तसंच वर धरून ठेवलं होतं, जखम झालेल्या मुलासारखं.

"म्हणजे मी त्याला कोंडत होतो," ते म्हणाले.

नवरा म्हणाला, "बाबा, ही लाकडाची खेळण्यातली बोट आहे."

"हो रे," बाबा म्हणाले. "ही लाकडाचीच आहे."

सरस त्यांनी स्वतः वितळवला. वासाने बाल्कनी भरली. चारही कडांना त्यांनी पातळ हात फिरवला, छत ठेवलं, आणि म्हणाले, "ये, धर जरा." मी माझे दोन्ही अंगठे टेकवले, त्यांनी त्यांचे.

खालून काहीतरी वर आलं.

धक्का नव्हता. उकळत्या भांड्यावरचं झाकण हलकं उचलतं तसं, माझ्या अंगठ्यांखाली, सावकाश. थांबलं. पुन्हा आलं. सरस गरम आहे, मी मनात म्हटलं, गरम आहे म्हणून फुगतोय.

"सरस फुगत नाही," बाबा म्हणाले. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

नवरा चिमटे घेऊन उभा होता. बाबांनी मान हलवली. "चिमटे नकोत." त्यांनी आपले हात काढून घेतले. मग मीही काढले.

सकाळी छत शेजारी ठेवलेलं सापडलं. पडलेलं नव्हतं, बाकावर, सुलटं, कडेला कड लावून. केबिन आतून कोरडी होती. लाकूडसुद्धा पांढुरकं पडलेलं, महिनोन्‌महिने उन्हात असावं तसं.

"लाकूड ओलं होतं," मी म्हटलं. "म्हणून धरलं नाही."

"म्हणून धरलं नाही," बाबा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी नवी काच कापली, बसवली, थेंब टाकला. काच पांढरी झाली. नुसती पांढरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा काच, पुन्हा थेंब. दुधासारखी सपाट पांढरी. ती ते भिंगाखाली धरायचे, तिरपी करायचे, उजेड बदलून बघायचे. दाढी वाढली. ताटातलं तसंच राहायला लागलं. मला कधी कधी वाटायचं की मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं, आणि जे दिलं ते कुणालाच दिसत नाही.

एके सकाळी त्यांनी घाईच्या गोंदाची बाटली कचऱ्यात टाकली.

"गेला," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

७

त्याच सकाळी किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

"बोट पुरी झाली नाही, बाबा."

"तिचं काम झालं. शब्द दिलाय मी."

काकूंनी रिकामी खोकी आणून दिली. "कपडे एका खोक्यात, पुस्तकं एका. आणि हे बघ, सासऱ्यांना आत थांबू देऊ नकोस, त्यांच्याकडून बघवणार नाही," असं बजावून गेल्या. नवऱ्याने झाडू घेतला. मी केस वर बांधले. कुलूप गंजलेलं होतं, पण किल्ली फिरली. मी कडी काढली आणि दार ढकललं.

दार उघडलं नाही.

"लाकूड फुगलं असेल," नवरा म्हणाला. त्याने खांदा लावला. दार खालून जरासं हललं, वरून हललं नाही. वर, जिथे आतून खिटी असते तिथे, ते घट्ट होतं.

"आतून खिटी आहे का याला?"

"आहे."

"मग ती लावली कुणी?"

नवरा बाहेर गेला, घराला वळसा घालून खिडकीपाशी. खिडकीला गज होते, तिथून मांजर जाणार नाही. परत आला तेव्हा झाडू अजून त्याच्या हातात होता.

"पडदा ओढलेला आहे," तो म्हणाला.

"आधी नव्हता?"

"आठवत नाही." त्याला चांगलं आठवत होतं.

त्याने पुन्हा खांदा लावला, यावेळी हळू. मी खाली वाकून त्याच्याबरोबर दार दाबलं. खालची कड दोन बोटं आत गेली. फटीतून थंड, ओली हवा माझ्या पावलांवर आली. आणि मग दार परत आलं. जोराने नाही. झोपेत कुणी पांघरूण ओढून घ्यावं, तसं.

नवऱ्याचा चेहरा लहान मुलाचा झाला. त्याने दारावर थाप मारायला हात उचलला, तोंड उघडलं. "दा..."

मागून बाबांनी त्याचं मनगट पकडलं. ते कधी येऊन उभे राहिले, आम्हाला कळलंच नव्हतं. त्यांनी दाराला कान लावला. डोळे मिटले. किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या.

"हळू," ते कुजबुजले. "दमून आलाय. झोपू द्या."

मी हातातलं खोकं आवाज न करता खाली ठेवलं.